प्रतिकृतीची पारख

विमानाची छोटी प्रतिकृती म्हणजे केवळ खेळणे, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु एके काळी तिच्या अचूकपणाला मोठे मोल आले होते.

६ सप्टेंबर १९३९ रोजी, ब्रिटन दुसऱ्या महायुद्धात उतरल्यावर तिसऱ्याच दिवशी, ब्रिटिश स्पिटफायर विमानांनी आपल्याच बाजूची दोन हरिकेन विमाने शत्रूची समजून पाडली. त्यांतील एक वैमानिक मरण पावला. आकाशातील विमान आपले की परके, हे क्षणात ओळखणे किती अगत्याचे असते, हे यावरून दिसून येईल.

हीच ओळख सैनिकांना पटावी म्हणून १९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने तेथील शाळांतील मुलांकडून लाखो लाकडी प्रतिकृती मागविल्या. त्यांचे प्रमाण १:७२ होते. म्हणजे सहा फुटांस एक इंच. अशी प्रतिकृती ३५ फुटांवरून पाहिली, की खरे विमान सुमारे अर्ध्या मैलावरून पाहिल्यासारखे दिसते. मात्र तिचा आकारच चुकला, तर पाहणाराही चुकीचेच शिकणार!

आज याच प्रमाणाचे, प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचे संच मिळतात. एकाच विमानाच्या दोन संचांपैकी सरस कोणता, हे कसे ठरवावे?

प्रथम मोजपट्टी घ्यावी. सुरुवातीच्या स्पिटफायरच्या पंखांची टोकापासून टोकापर्यंतची लांबी ११.२३ मीटर होती. तिला ७२ ने भागले असता सुमारे १५६ मिलिमीटर येतात. प्रतिकृतीत ती १५० मिलिमीटरच भरली, तर खऱ्या विमानाच्या हिशेबाने पंख ४३ सेंटिमीटर तोकडे झाले!

नंतर आकार पाहावा. स्पिटफायरचे पंख लंबवर्तुळाकार, तर हरिकेनचे सरळ कडांचे व निमुळते होते. हा भेद प्रतिकृतीत स्पष्ट उमटला पाहिजे.

शेवटी पृष्ठभाग न्याहाळावा. अर्धा मिलिमीटर उंचीची रेघ डोळ्यांना क्षुल्लक वाटते. परंतु खऱ्या विमानावर तीच ३६ मिलिमीटर उंचीचा कंगोरा होईल.

सुट्या भागांचे सांधे नीट जुळणे हा सुबकपणा होय. मूळ विमानाशी मापे जुळणे हा अचूकपणा होय. एक गुण असला म्हणजे दुसरा असतोच असे नाही. सैल सांधा भरून काढता येतो, खडबडीत कड कानशीने घासता येते. परंतु मुळातच चुकलेले प्रमाण कितीही सुंदर रंग दिला तरी झाकत नाही. म्हणून आधी माप पाहावे, मग रंगरूप.