तीन पदरांचा पीळ

गादीवर आडवे व्हायचे आणि प्रशिक्षकाने आपला पाय धरून हळूहळू वर न्यायचा. अर्ध्या तासाने उठताना अंग हलके वाटते. 'असिस्टेड स्ट्रेचिंग'ची अशी केंद्रे अमेरिकेत गेल्या दहा वर्षांत जागोजागी निघाली आणि आता आपल्या मोठ्या शहरांतही त्यांच्या जाहिराती दिसू लागल्या आहेत. त्यांत एक दावा हमखास असतो: या ताणाने फॅशिया, म्हणजे स्नायूंभोवतीचे वेष्टण, 'सुटतो', आखडलेल्या संयोजी ऊती लांब होतात. अंग हलके होते यात शंका नाही. पण ऊती खरोखर लांब होतात का? याचा शोध घ्यायला निघालो, तर पहिला मुक्काम मद्रासला पडतो.

जी. एन. रामचंद्रन १९५२ साली मद्रास विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले, तेव्हा ते तिशीच्या उंबरठ्यावर होते. ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल त्यांच्या प्रयोगशाळेत आले असता कोलॅजनचा विषय निघाला. शरीरातल्या प्रथिनांपैकी सुमारे तीस टक्के वाटा या एकट्याचा. कंडरा, अस्थिबंध, फॅशिया, त्वचा सगळे त्याच्यावर उभे. तरीही त्याची रचना तोवर कोणालाच उलगडली नव्हती. रामचंद्रन यांनी ते काम हाती घेतले. चामडे म्हणजेही मुख्यतः कोलॅजनच, आणि केंद्रीय चर्म संशोधन संस्था त्यांच्या शेजारीच होती. तिथून त्यांना कांगारूच्या शेपटीतली कंडरा मिळाली. तिच्यावर क्ष-किरण टाकून, त्या छायाचित्रांवरून गणित मांडत त्यांनी आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४ मध्ये 'नेचर'मध्ये उत्तर दिले: तीन साखळ्यांचे एक सर्पिल.

पुढच्याच वर्षी त्यांनी ते आणखी अचूक केले. प्रत्येक साखळी स्वतः पीळ घेते आणि शिवाय तिघी मिळून एकमेकींभोवती वळतात. ही दुहेरी वळणाची कल्पना रामचंद्रन यांना चंद्रावरून सुचली, असे सांगतात. पृथ्वीला फेरी घालता घालता चंद्र स्वतःभोवतीही फिरतो, म्हणून तर त्याची एकच बाजू आपल्याला दिसत राहते! साखळीतले दर तिसरे अमिनो आम्ल ग्लायसीनच का, याचाही उलगडा झाला. तिन्ही पदर जिथे भेटतात त्या अक्षापाशी इतकी अडचण असते, की सर्वांत लहान असलेल्या ग्लायसीनखेरीज तिथे काही मावतच नाही. फ्रान्सिस क्रिक आणि अलेक्झांडर रिच यांनी बंधांच्या तपशिलावर आक्षेप घेतले, पण मूळ आराखडा मद्रासचाच टिकला. डीएनएच्या दुहेरी सर्पिलाची गोष्ट आपल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. मद्रासच्या तिहेरी सर्पिलाची नसते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

हा पीळ आपल्या प्रश्नाच्या मुळाशीच आहे. काथ्याचा दोर ओढला की आधी त्याचा ढिलेपणा निघतो, मग तो वजन पेलू लागतो. वजन पेलणारा दोर आणखी फारसा लांबत नाही. कंडरेतले कोलॅजनचे तंतू विश्रांतीत थोडे नागमोडी असतात. साधारण दोन टक्के लांबीपर्यंत ते नुसते सरळ होतात. चार टक्क्यांच्या आसपासपर्यंत ताण सोडला की पूर्ववत होतात. त्यापुढे तंतू तुटू लागतात. म्हणजे कायमचे लांब व्हायचे तर इजाच व्हायला हवी. फॅशियाचेही गणित मांडले गेले आहे, तेही हाताने उपचार करणाऱ्या ऑस्टिओपॅथ मंडळींच्याच नियतकालिकात. २००८ मधल्या त्या लेखानुसार मांडीच्या बाहेरचा जाड फॅशिया जेमतेम एक टक्का दबायला किंवा सरकायला जो जोर लागतो, तो माणसाच्या हातांच्या आवाक्यापलीकडचा आहे.

कंडरेचा हट्टीपणा किती, हे कोपनहेगनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये विलक्षण युक्तीने दाखवले. १९५५ ते १९६३ या काळातल्या अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट झाला आणि नंतर उतरत गेला. ऊतीत तो किती सापडतो यावरून ती ऊती कधी घडली ते कळते. टाचेच्या कंडरेचा गाभा तपासला, तर तो वयाच्या सुमारे सतराव्या वर्षापर्यंत घडलेला निघाला. पुढे त्यात जवळपास काहीच बदललेले नव्हते. शाळा-कॉलेजच्या वयातली कंडरा साठीतही तीच!

मग पाय वर जातो तो कसा? याचे उत्तरही कोपनहेगनमध्येच, संशोधक मॅग्नुसन यांच्या १९९६ च्या प्रयोगात मिळते. सहभागी स्त्रियांनी तीन आठवडे एकाच पायाला ताण दिला. तो पाय अधिक वर जाऊ लागला, पण त्याच कोनात स्नायूंचा प्रतिकार मोजला तर पूर्वीइतकाच भरला. वाढली होती ती सहनशक्ती. 'आता पुरे' असे सांगणारी मज्जासंस्था थोडी उशिरा सांगू लागली होती. ऊतींतही सैलपणा येतो, पण तो तासाभरात ओसरतो.

दुसऱ्याच्या हातांचा खरा उपयोग मला इथे दिसतो. स्वतः ताण देताना आपण पाय धरण्यासाठी, तोल सांभाळण्यासाठी कुठेतरी आवळलेलेच असतो. जाणत्या हातांत पाय सोपवला की ते आवळणे सुटते. त्या हातांना उलट दाब द्यायचा, मग ढिले सोडायचे, ही पद्धत १९४० च्या दशकात हर्मन कबाट यांनी स्नायूंवरचा ताबा गेलेल्या रुग्णांसाठी घडवली. आज खेळाडूंपासून आजी-आजोबांपर्यंत अनेकांना तिचा लाभ होतो.

ऊती लांब होत नसल्या, तरी ताणाचा परिणाम त्यांच्यावर होतो. संशोधक हेलेन लँगविन यांच्या प्रयोगांत त्वचेखालच्या सैल संयोजी ऊतीतल्या पेशी ताणाखाली पसरट होतात, असे दिसले. उंदरांची शेपटी हलकेच उचलून धरली की ते पुढच्या पायांनी दांडी पकडून अंग ताणतात. रोज काही मिनिटे असे केल्यावर त्यांची सूज लवकर उतरते, असेही आढळले आहे. हे संशोधन मला फार आशादायक वाटते. पण ते उंदरांवरचे आहे, म्हणूनच त्याचे निष्कर्ष माणसांच्या जाहिरातीत आलेले खटकतात.

संयोजी ऊती बळकट व्हाव्यात अशी इच्छा असेल, तर वजन उचलणे, जिने चढणे, टाचा उंचावणे असा भार महिनोन्‌महिने द्यावा लागतो. ताणून घेताना दुखले तर लगेच सांगावे. सोसण्यात काही लाभ नाही. एहलर्स-डॅन्लॉस विकारात बहुधा जनुकीय दोषामुळे कोलॅजनच्या घडणीतच खोट असते आणि सांधे आधीच गरजेपेक्षा जास्त वाकतात. अशांनी सांधे आणखी ताणून घेऊ नयेत. सांध्यांभोवतीचे स्नायू बळकट करावेत आणि व्यायाम कोणता, किती, हे फिजिओथेरपिस्टकडून ठरवून घ्यावे.