कापतं कोण? घरच्या वर्कशॉपसाठी लोखंड कापायचा बँडसॉ निवडताना



मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं आणि आज लोखंड कापायच्या यंत्रावर बोलायला उभा आहे. काहींना वाटेल, सर विषय चुकले. तसं नाही. निवृत्तीनंतर मी सापगावात घरामागे पत्र्याची शेड घातली, वेल्डिंग मशीन घेतलं, आणि तेव्हापासून गेट, मांडवाचे खांब, पाण्याच्या टाकीचं स्टँड असं काहीबाही करत असतो. मागे एकदा गावातला एक मुलगा आला. आयटीआय झालेला, घरीच फॅब्रिकेशनचं काम सुरू करायचं म्हणत होता. त्यानं विचारलं, "सर, स्वस्तात चांगला बँडसॉ कुठला?" त्याची आई त्यासाठी बचत गटातून कर्ज काढणार होती. म्हणजे माझं उत्तर चुकलं असतं तर हप्ते त्या माउलीनं फेडायचे. तेव्हा अंदाजपंचे सांगून चालणार नव्हतं. आजचं व्याख्यान म्हणजे त्याला दिलेलंच उत्तर, जरा सविस्तर.

आधी यंत्र म्हणजे काय ते सांगतो, कारण इथे सगळेच कारागीर नाहीत. दोन चाकांवरून फिरणारा पोलादी दातेरी पट्टा, म्हणजे बँडसॉ. पिठाच्या गिरणीचा पट्टा डोळ्यासमोर आणा आणि त्याच्या एका कडेला दात आहेत असं समजा. कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, इंग्लंडातल्या विल्यम न्यूबेरीची. पण पट्ट्याची दोन टोकं जोडायची कशी, हे जमेना. सांधा तुटायचा. १८४६ साली फ्रान्समध्ये अ‍ॅन पॉलिन क्रेपिन या बाईंनी टिकाऊ सांध्याचं तंत्र काढलं आणि मग यंत्र कामाला लागलं. ही गोष्ट लक्षात ठेवा. आजही स्वस्त पातं पहिल्यांदा सांध्यावरच तुटतं.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे सगळे चॉप सॉ वापरतात, मग हे कशाला? चॉप सॉ म्हणजे ती घासणारी चकती, १४ इंची, ठिणग्यांचा फवारा उडवणारी. स्वस्त आहे, झटपट आहे, शहापूर बाजारात चकती कुठेही मिळते. मीही आधी तोच घेतला. एका मार्च महिन्यात अँगल कापत होतो. वारा शेडच्या मागच्या बाजूला होता आणि तिथे शेजाऱ्यांची पेंढ्याची गंजी. चहा घेऊन परत आलो तर धूर. विहिरीवरची मोटर चालू होती म्हणून निभावलं. अर्धी गंजी गेली. मी भरपाई दिली, पण उन्हाळ्यात गुरांना चारा कुठून आणायचा, याचं उत्तर माझ्या पैशात नव्हतं. त्या दिवशी मला कळलं की आपल्या गावात चॉप सॉची किंमत मोजताना गंजीही मोजायला हवी. बँडसॉ ठिणग्या उडवत नाही, कानठळ्या बसवत नाही, आणि कापलेलं तोंड हाताला लागण्याइतकं थंड असतं. हा त्याचा खरा फायदा.

तर प्रश्न होता "चांगला कुठला". ॲरिस्टॉटलनं 'फिजिक्स' या ग्रंथात करवतीचंच उदाहरण घेतलं आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कापायचं हे काम ठरलं की त्यासाठी अमुक तऱ्हेचे दात लागतात, आणि असे दात हवेत तर करवत लोखंडाचीच हवी. क्रम बघा. आधी काम, मग दात, मग बाकीचं. आपण दुकानात नेमके उलटे जातो. आधी रंग बघतो, मग मोटर किती हॉर्सपॉवरची, मग किंमत. दातांचा विषय घरी आल्यावर निघतो.

आपल्या न्यायदर्शनातही असंच उदाहरण आहे, कुऱ्हाड आणि लाकडाचं. कुऱ्हाड हे छेदनाचं करण, म्हणजे साधन. पण नुसती कोपऱ्यात उभी कुऱ्हाड काही तोडत नाही. कुऱ्हाडीचा लाकडाशी होणारा संयोग, तो व्यापार, त्यातून छेदन होतं. बँडसॉला हे तंतोतंत लागू आहे. लोखंड यंत्र कापत नाही. दात आणि धातू यांची नीट गाठ पडते तेव्हा ते कापलं जातं. बाकी सगळं यंत्र ती गाठ नीट पडावी म्हणून आहे. तेव्हा पैसे कुठे घालायचे ते आपोआप ठरतं.

म्हणून पहिलं पाऊल: वही घ्या आणि वर्षभरात काय काय कापणार ते लिहा. त्या मुलाला मी हेच करायला लावलं. यादी अशी निघाली: २५ आणि ४० मिलिमीटरचे चौकोनी पाइप, ४० पर्यंतचे अँगल, पट्ट्या, १२-१६ च्या सळया, आणि क्वचित ५० चा शाफ्ट. तो मनात सात इंची, थ्री फेजचं यंत्र धरून बसला होता. मी म्हटलं, "अरे, यातलं सात इंच काय आहे?" या सगळ्याला सर्वात लहान आडवा बँडसॉ पुरतो. त्यात साधारण ११५ मिलिमीटर गोल बार बसतो, मोटर अर्ध्या हॉर्सपॉवरच्या आसपास, घरच्या सिंगल फेजवर चालते. पाच वर्षांतून एकदा जाड बार निघाला तर मुरबाडच्या एमआयडीसीत किंवा कल्याणला कापून आणायचा. एका कापासाठी मोठं यंत्र घेणं म्हणजे एका लग्नासाठी मंगल कार्यालय बांधणं.

विजेचाही विचार करा. २००० वॅटचा चॉप सॉ २३० व्होल्टला जवळजवळ ९ अँपिअर खेचतो. आपल्याकडे लांबून बारीक वायर ओढलेली असते, संध्याकाळी दाब उतरतो. लहान बँडसॉला याच्या निम्म्याहून कमी लागतं. मात्र दाब फारच पडला तर मोटर सुरूच होत नाही, नुसती गुरगुरते. तेव्हा बटण लगेच बंद करायचं, नाहीतर वाइंडिंग जळतं. आणि अर्थिंग नीट हवं, हे सांगायला नकोच.

दुसरं, दात. नियम सोपा आहे: कापताना निदान तीन दात एकाच वेळी धातूत असले पाहिजेत. इंचाला १४ दात असलेलं पातं घ्या. दोन दातांत १.८ मिलिमीटर अंतर. ५ मिलिमीटरच्या पट्टीत पुरते तीन दातही बसत नाहीत. १८ दाती घेतलं तर साडेतीन बसतात, काम होतं. उलट ५० चा भरीव शाफ्ट १४ दातीवर घेतला तर एका वेळी सत्तावीस दात आत. दातांमधल्या खाचा किसानं भरतात, पातं नुसतं घासत राहतं. तिथे इंचाला सहा ते दहा दात हवेत. मी एकदा आळस केला आणि शाफ्टचंच मोठ्या दातांचं पातं पातळ पाइपावर चालवलं. एका मिनिटात दात पडले. माझे आधीच पडायला लागले होते, आता पात्याचेही.

दोन मिलिमीटर पत्र्याच्या पाइपाला हा नियम पुरता पाळताच येत नाही. तिथे २४ दाती बारीक पातं आणि हलका भार, एवढंच आपल्या हातात असतं. अँगल मात्र व्हाइसमध्ये उलट्या व्ही सारखा ठेवा, म्हणजे दोन्ही बाजू तिरक्या कापल्या जातात आणि जास्त दात धातूला लागतात. पातं शक्यतो बायमेटल घ्या. त्यात पाठ लवचीक पोलादाची आणि दातांची कड हायस्पीड स्टीलची असते. साध्या कार्बन पात्यापेक्षा महाग पडतं, पण टिकतं. नव्या पात्यावर पहिले काही काप निम्म्या दाबानं करा. धार अगदी तीक्ष्ण असते तेव्हाच ती चटकन मोडते.

तिसरं, वेग. लाकूड कापायचा बँडसॉ मिनिटाला आठशे-हजार मीटर पळतो. तो स्वस्तात मिळाला म्हणून लोखंडाला लावू नका, पात्याचे दात जळतील. लहान लोखंडी बँडसॉला पट्टा बदलून बहुधा तीन वेग मिळतात: सुमारे २५, ३५ आणि ६० मीटर. स्टेनलेसला सर्वात हळू, साध्या लोखंडाला मधला, ॲल्युमिनियम-पितळेला जलद. वेग बदलायची सोय नसेल तर ते यंत्र सोडून द्या.

दाब आणि वेग बरोबर आहे का, हे कसं ओळखायचं? धुरावरून अग्नीचं अनुमान करतात तसं इथे किसावरून करायचं. कीस गुंडाळलेला, सैल आणि चकचकीत असेल तर ठीक. नुसती बारीक भुकटी पडली तर दाब कमी. कीस जाड आणि निळा पडला तर दाब किंवा वेग जास्त. पुस्तकात बघायला नको.

आता यंत्र बघायला गेल्यावर काय करायचं? नवं हवं तर आसनगावहून लोकल पकडून मुंबईत नागदेवी स्ट्रीटला जा, तिथे एका रांगेत दहा यंत्रं बघता येतात. जुनं हवं तर मुरबाड, अंबरनाथकडच्या बंद झालेल्या वर्कशॉपमधून निघतात. दोन्हीकडे सोबत एक गुण्या आणि ५० मिलिमीटरची पट्टी न्या. ती उभी धरून कापायला सांगा आणि तोंडाला गुण्या लावा. उजेड दिसला तर कारण विचारा. पातं ज्या बेअरिंगांमधून सरळ होतं त्यांची मांडणी बिघडली असेल तर ती दुरुस्त होते. चाकाला तडा असेल किंवा चाक डुगडुगत असेल तर तिथून निघा. पातं चाकावरून सरकत नाही ना, फ्रेम खाली येताना धक्का बसत नाही ना, काप संपल्यावर बटण आपोआप बंद होतं ना, हे बघा. आणि पात्याची लांबी विचारा. या लहान यंत्रांना बहुधा साडेचौसष्ट इंची, म्हणजे १६३८ मिलिमीटरचं पातं लागतं. ते सहज मिळतं. विचित्र लांबीचं यंत्र फुकट मिळालं तरी महाग पडतं.

काही मर्यादाही सांगतो, नाहीतर मी विक्रेता ठरेन. हे यंत्र हळू आहे. ५० चा शाफ्ट कापायला काही मिनिटं जातात. कमानपाट्यासारखं कडक पोलाद त्यावर घेऊ नका. कानस फिरवून बघा, ती सहज चावली नाही तर पातंही चावणार नाही. आणि लोखंड वाचतं म्हणून हे यंत्र घ्या, असं कोणी सांगितलं तर हिशेब करा. चकतीपेक्षा काप दोनेक मिलिमीटर बारीक जातो. ५० चा बार मीटरला सुमारे साडेपंधरा किलो. हजार कापांत दोन मीटर, म्हणजे एकतीस किलो वाचले. घरच्या शेडमध्ये हजार जाड काप कधी होणार?

सुरक्षेचं एकच सांगतो: पातं हळू फिरतं म्हणून माणूस निर्धास्त होतो. हातमोजे घालून पात्याजवळ जाऊ नका, मोजा ओढला जातो आणि बोट त्याच्यामागून जातं. तुकडा लहान असेल तर व्हाइसच्या दुसऱ्या टोकाला त्याच जाडीचा तुकडा घाला, म्हणजे जबडा वाकडा होत नाही आणि माल निसटत नाही.

त्या मुलानं शेवटी लहान, सिंगल फेजचं नवं यंत्र घेतलं आणि बरोबर दोन चांगली बायमेटल पाती. कर्ज ठरवलं होतं त्याच्या निम्म्यावर आलं. परवा त्याची आई रस्त्यात भेटली. म्हणाली, "सर, आवाज येत नाही हो मशीनचा, मला वाटतं पोरगा झोपलाय." मी म्हटलं, "वहिनी, शेडमध्ये जाऊन कीस बघा."

इथे थांबतो. काही शंका असतील तर विचारा, आणि ज्यांना यंत्र बघायचंय त्यांनी रविवारी सकाळी घरी या.