ओळखीच्या नावाने आलेला मेल खरा की खोटा?

‘आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे, पैसे नव्या खात्यात भरा,’ असा मेल नेहमीच्या व्यापाऱ्याच्या पत्त्यावरून आला, तर तुम्ही काय कराल? तो मेल भलत्यानेच पाठवलेला असू शकतो. यालाच स्पूफिंग म्हणतात. ईमेलची मूळ पद्धत १९८२ सालची. पाठवणारा खरा आहे का, हे तपासण्याची सोय तिच्यात नव्हती.

सर्व्हरमध्येही त्रुटी सापडतात. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज सर्व्हरवर पाठवणाऱ्याची ओळ चुकीच्या पद्धतीने लिहून खोटा पत्ता दाखवता येत होता. नोव्हेंबर २०२४च्या अपडेटनंतर अशा मेलवर धोक्याची सूचना दिसू लागली. म्हणून सर्व्हर वेळच्या वेळी अपडेट करणे हा पहिला उपाय.

तुमच्या दुकानाचे किंवा संस्थेचे स्वतःचे डोमेन असेल, तर या गोष्टी करून घ्या:

• एसपीएफ : तुमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात, त्यांची यादी.

• डीकेआयएम : मेलवरची डिजिटल सही. वाटेत मजकूर बदलला तर लगेच कळते.

• डीमार्क : तपासणीत नापास झालेल्या मेलचे काय करायचे, याची सूचना. आधी फक्त अहवाल मागवा, मग असे मेल स्पॅममध्ये पाठवा आणि सगळे सुरळीत दिसले की थेट नाकारा.

मात्र, एखादे अक्षर बदलून घेतलेले मिळतेजुळते डोमेन या तपासणीतूनही सुटते. म्हणून पैशांचा विषय निघाला, की मेलमधल्या नव्हे, तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करा. मगच पैसे पाठवा.