मातीच्या वासातलं औषध

पावसाची पहिली सर पडून गेली की जेसल पार्कच्या चौपाटीवर एक चक्कर मारा. खाडीच्या चिखलाचा वास येणारच, त्याला इलाज नाही. पण झाडाखालची कोरडी माती नुकतीच भिजली असेल तिथे जरा थांबा. ज्या वासावर आपण दरवर्षी स्टेटस टाकतो, त्यात मोठा वाटा जिओस्मिन नावाच्या रेणूचा असतो आणि तो बनवतात मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जिवाणू. या मंडळींचा दुसरा उद्योग त्याहून भारी आहे. त्यांच्यातले कित्येक जण आसपासच्या बुरशीला मारणारी रसायनं तयार करतात.

याचा फायदा आपल्या पिंपरीतही घेतला गेला. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी ओळखली जायची पेनिसिलीनसाठी. पण तिथे एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी मातीतल्या जिवाणूंमागे लागले होते. एका जिवाणूचं नाव त्यांनी चक्क ‘पिंपरिना’ ठेवलं! त्यातून हॅमायसिन मिळालं, ते माणसांच्या बुरशीजन्य आजारांसाठी. १९६४ मध्ये त्यांनी ऑरिओफंगिन जगापुढे आणलं आणि ते पिकांवर, भातावरच्या करप्यासारख्या रोगांवर वापरलं गेलं. बुरशीच्या पेशीच्या पडद्यात एर्गोस्टेरॉल असतं. ऑरिओफंगिन त्याला चिकटतं, पडद्याला गळती लागते आणि बुरशी मरते.

मग आज शेतोशेती हेच का दिसत नाही? एक अडचण उन्हाची. अशा रेणूंना प्रकाश सोसत नाही. हीच गोष्ट पाइनच्या शंकूंवर उगवणाऱ्या एका छोट्या अळंबीची. तिच्यातलं स्ट्रोबिल्युरिन इतर बुरशींचा श्वासच रोखतं, पण उन्हात टिकत नाही. रसायनशास्त्रज्ञांनी रेणूची रचना बदलून त्याला टिकाऊ केलं. त्यातून आलेलं अझॉक्सिस्ट्रोबिन १९९६ मध्ये बाजारात आलं आणि आज द्राक्षबागायतदारांनाही ते नाव पाठ असतं. पण १९९८ मध्येच जर्मनीत गव्हावरची भुरी या गटातल्या औषधांना दाद देईनाशी झाली. कारण काय, तर तिच्या जनुकातला एकच छोटासा बदल. म्हणून तर वेगवेगळ्या गटांतली औषधं आलटून-पालटून फवारायला सांगतात.

आता तुमच्याकडे येऊ. बॉटनी किंवा मायक्रोबायोलॉजीवाले असाल तर टीवायच्या प्रोजेक्टला कुणीतरी कडुलिंब किंवा लसणाचा अर्क घेणारच. पेट्री डिशमध्ये बुरशी थांबते, मोबाइलवर फोटो निघतो आणि निष्कर्षात ‘शेतकऱ्यांसाठी वरदान’ असं लिहून मोकळं व्हायचं. इतकी घाई करू नका. तोच अर्क गॅलरीतल्या कुंडीत रोग पडलेल्या गुलाबावर फवारा. शेजारच्या कुंडीवर नुसतं पाणी मारा. दोन दिवस ऊन आणि एक पावसाची सर जाऊ द्या, मग पानांवरचे डाग मोजा.

आणि अर्क अल्कोहोलमध्ये काढला असेल तर एक डिश नुसत्या अल्कोहोलचीही लावा, कारण ते एकटंही बुरशीला पुरून उरतं. आमच्या व्हायवाला बाहेरून आलेल्या मॅडमनी फोटो पाहिले, मान डोलावली आणि विचारलं, ‘‘नुसत्या अल्कोहोलची डिश कुठाय?’’

आम्ही ती लावलीच नव्हती.