एका पात्रात दोन कायदे

कारखान्याला नदीत सांडपाणी सोडायचे तर १९७४च्या जल कायद्यानुसार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र लागते. त्याच नदीतली मगर १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे; तिची शिकार केल्यास ३ ते ७ वर्षे कैद. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडच्या परिसरात हे दोन्ही कायदे एकाच पाण्याला लागू होतात. कोल्हापूर-इचलकरंजीचे सांडपाणी पोटात घेऊन पंचगंगा तेरवाडच्या बंधाऱ्यावरून येते आणि नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळते. कृष्णेत मगरींचा वावर आहे.

उन्हाळ्यात बंधाऱ्याला पाणी अडवणारे बरगे घातले की ते तुंबते. त्यात मैलापाणी, मळी किंवा कारखान्यांतल्या प्रक्रियेचे पाणी आले की ते कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात. मासे आधी वर येऊन तोंडे उघडमीट करतात, मग उताणे तरंगतात. मत्स्य आणि वन्यजीवांसाठी योग्य अशा ‘डी’ वर्गाच्या पाण्यात लिटरला किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू हवा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. संमतीपत्रातल्या अटींची मोजणी मात्र नदीत होत नाही, पाइपाच्या तोंडाशी होते. नदीत सोडायच्या पाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू, सर्वसाधारण मानकानुसार लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत हवा. याच मानकांत मासाही आहे: निव्वळ सांडपाण्यात ९६ तास ठेवलेल्या माशांपैकी ९० टक्के जगले पाहिजेत. पण चाचणीच्या टाकीतल्या माशाला एकाच कारखान्याचे पाणी सोसायचे असते. तेरवाडच्या माशाच्या वाट्याला सगळ्यांचे येते.

जल कायद्यातल्या प्रदूषणाच्या व्याख्येत जलचरांना होणारी इजा मोडते. तरी संमती देण्याआधी वन खात्याला विचारण्याची अट त्यात नाही. उलट, अर्जावर चार महिन्यांत निर्णय झाला नाही तर कलम २५(७) नुसार संमती दिली असेच मानले जाते. वन्यजीव कायद्याचे कलम २९ पाण्याचा प्रवाह वळवण्या-अडवण्यावर बंधन घालते, पण ते अभयारण्यापुरते. कुरुंदवाडचा नदीकाठ अभयारण्य नव्हे. शिकारीच्या व्याख्येत विषप्रयोगही येतो, पण कोणाच्या पाण्याने कोणता प्राणी मेला हे सिद्ध करणे जिकिरीचे. शिवाय रोहू, कटला अनुसूचीत नाहीत. मगरीचे भक्ष्य हजारोंनी मेले तरी या कायद्याला बोट ठेवायला जागा नाही.

अमेरिकेत परवाना आणि वन्यजीव यांना जोडणारा दुवा आहे. १९७३च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्याचे कलम ७ केंद्रीय यंत्रणांना वन्यजीव विभागाशी सल्लामसलत करायला लावते. म्हणूनच तिथे भांडण कोर्टात जाते. सांडपाणी परवान्यांचे अधिकार ॲरिझोना राज्याकडे देताना हे कलम लागू होत नाही, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवले. फ्लोरिडाला पाणथळ जागांच्या भरावाचे परवाने देण्याचा अधिकार मिळाला होता; २०२४ मध्ये संघीय न्यायालयाने प्रजाती कायद्याच्याच मुद्द्यावर तो रद्द केला.

इकडे दाद मागायच्या वाटाही वेगळ्या. २०१०च्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायद्याच्या यादीत जल कायदा आहे, वन्यजीव कायदा नाही. त्यामुळे सांडपाण्याची तक्रार पुण्याच्या हरित खंडपीठाकडे जाते आणि मगरीचा गुन्हा फौजदारी न्यायालयात. दोन्ही विषय एकत्र मांडायचे, तर उच्च न्यायालयातली याचिका उरते.