पाटी वाचा, घाबरू नका

फॉर्म अर्धाअधिक भरून झालेला असतो आणि अचानक पडद्यावर पाटी येते, ‘देखभालीच्या कामासाठी संकेतस्थळ बंद आहे.’ झालं! आपलंच बोट कुठेतरी चुकलं, भरलेले पैसे बुडाले, असं वाटून जीव खालीवर होतो. आमच्या बचत गटातल्या एका ताईंनी याच धास्तीने लेकीची परीक्षा फी दोनदा भरली.

मैत्रिणींनो, ही पाटी म्हणजे बिघाडच असतो असं नाही. किराणा दुकानदार नाही का ‘माल मोजणीसाठी दुकान बंद’ असं लिहितो? मोजणी चालू असताना गिऱ्हाईक घेतलं, तर हिशेब जुळायचा कसा? इथेही तसंच. माहितीचा साठा हलवताना मध्येच कुणी अर्ज भरला, तर तो ना इकडचा ना तिकडचा. म्हणून चालवणारे आधी दार लावून घेतात. यालाच ‘मेन्टेनन्स मोड’ म्हणतात. आतल्या माणसांना मागच्या दाराने येऊन सगळं तपासता येतं आणि मगच पुढचं दार उघडतं. कधी सोबत ५०३ हा आकडा दिसतो. त्याचा अर्थ, सेवा सध्या उपलब्ध नाही, थोड्या वेळाने या.

नीट बंद ठेवणं कसं असतं पाहा. पासपोर्ट सेवेचं संकेतस्थळ २९ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ८ पासून २ सप्टेंबरच्या सकाळी ६ पर्यंत बंद राहील, असं आधीच जाहीर झालं होतं. ३० ऑगस्टला ज्यांना बोलावलं होतं, त्यांना पुढची वेळ देण्याचंही ठरलं होतं. पण सगळीकडे एवढी काळजी घेतली जात नाही. पाटी लागते, दार कधी उघडणार ते लिहिलेलं नसतं आणि अर्जाची शेवटची तारीख मात्र तशीच! शेतावरची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून सेवा केंद्रात आलेल्या बाईने करायचं काय? दार तुम्ही बंद ठेवलंत, तर मुदतही तुम्हीच वाढवा, असं आपण लेखी मागायला हवं.

तोवर आपल्या हातात काय आहे? शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. पाटी दिसली की तारीख-वेळेसह तिचा फोटो काढून ठेवा, मुदतवाढ मागताना तो पुरावा होतो. पैसे कापले गेले असतील तर लगेच पुन्हा भरू नका, आधी व्यवहार क्रमांक लिहून घ्या. यूपीआयने भरलेले पैसे समोर पोचलेच नाहीत, तर ते पाच दिवसांत परत यायला हवेत. त्यानंतर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. आणि ‘साइट बंद आहे, या लिंकवर भरा’ असा निरोप आला, तर त्या वाटेला जाऊच नका. फसवणूक झालीच, तर ताबडतोब १९३० वर फोन करा.

बंद दार उघडेपर्यंत थांबायला हरकत नाही. पण ते कधी उघडणार, हे विचारायचा हक्क मात्र आपण सोडायचा नाही!