शिकायला गेलेला खंड्या आणि कराकाची फळं

न्यूझीलंडमध्ये कुत्रा पाळणं म्हणजे आपल्याकडे वाड्याच्या दारात मोत्या बसलेला असायचा, तसं नव्हे. इथे १९९६ च्या कायद्याप्रमाणे पिल्लू तीन महिन्यांचं झालं की त्याची कौन्सिलात नोंद करावी लागते. रस्त्यात नीट चालणं, पाहुण्यांच्या अंगावर न उडणं, हाक मारली की परत येणं हे सगळं त्याला आलंच पाहिजे. म्हणून बरीच घरं पिल्लाला दोन-तीन आठवडे ट्रेनरच्या घरी राहायला पाठवतात. "मुलांना कधी हॉस्टेलला ठेवलं नाही, कुत्र्याला मात्र ठेवलं!" अशी चेष्टा आमचीही झाली. ट्रेनर कसा, फी किती, यावर लोक तासभर बोलतात. पण पिल्लू तिथे आजारी पडलं तर पुढे काय, हे फारसं कोणी विचारत नाही. एका फेब्रुवारीत, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यात, आमच्यावर ती वेळ आली.

आम्ही अवोन्डेलला राहतो. ऑकलंडचं हे उपनगर प्रसिद्ध आहे ते एका कोळ्यामुळे! हा तळहाताएवढा 'अवोन्डेल स्पायडर' मूळचा ऑस्ट्रेलियाचा. १९९० च्या 'अरॅक्नोफोबिया' या सिनेमात याच जातीचे कोळी वापरले होते. दिसायला भयंकर, स्वभावाने गरीब. आमचा खंड्या नेमका उलटा: दिसायला गरीब, पण सात महिन्यांचा, बावीस किलोंचा आणि पट्टा ओढायला लागला की माणूस ग्रेट नॉर्थ रोडवर फरफटत जाईल असा. म्हणून त्याला तीन आठवड्यांसाठी शहराच्या उत्तरेला, तासाभरावर राहणाऱ्या एका ट्रेनरबाईंकडे ठेवलं.

नवव्या दिवशी सकाळी बाईंचा फोन आला. खंड्या जेवत नाही, पहाटे एकदा उलटी झाली, नुसता पडून आहे. "घरची आठवण येत असेल, दिवसभर बघू," असं त्यांचं मत पडलं. पहिल्यांदा घर सोडलेलं पिल्लू एखादा दिवस रुसतंही, त्यामुळे बाईंचा अंदाज अगदीच चुकीचा म्हणता येत नाही. पण खंड्या म्हणजे ताप असला तरी पोळीचा तुकडा न सोडणारा प्राणी. दुपारी तो उठला तेव्हा त्याचे मागचे पाय लटपटत होते, आणि दारातून जाताना तो चौकटीवर आपटला. आता मात्र बाई घाबरल्या. नेमके त्याच वेळी आम्ही दोघंही फोनवर मिळण्यासारखे नव्हतो. एक जण विमानात, एक जण कारखान्यात मशीन बंद करून आत शिरलेला.

इथे एक कागद उपयोगी पडला. आम्ही इंजिनीअर माणसं. कारखान्यात पाळी बदलताना लॉगबुक हातात दिल्याशिवाय कोणी घरी जात नाही, त्याच सवयीने खंड्याबरोबर एक पानभर टिपण दिलं होतं. त्यात वजन, लसींच्या तारखा, खाण्याचं माप, नेहमीच्या व्हेटचा नंबर, आणि शेवटी सहीनिशी एक वाक्य होतं: "आम्ही मिळालो नाही तर पंधराशे डॉलरपर्यंतचे उपचार आम्हाला न विचारता सुरू करावेत." बाईंनी तो कागद जवळच्या व्हेटला दाखवला आणि उपचार लगेच सुरू झाले.

तसं पाहिलं तर इथला १९९९ चा प्राणी कल्याण कायदा स्पष्ट आहे. जनावर आजारी असेल तर मालकावर आणि ते ज्याच्या ताब्यात असेल त्याच्यावरही उपचार मिळवून देण्याची जबाबदारी येते. पण पैसे कोण देणार, किती खर्च चालेल, याचं उत्तर कायदा देत नाही. ते आपणच लिहून ठेवायचं.

व्हेटने पहिला प्रश्न विचारला: काल काय खाल्लं? काल तर खंड्या अंगणाबाहेर गेलाच नव्हता! आमच्या ओळखीतल्या एकाने लगेच कोळ्यावर संशय घेतला, तोही अवोन्डेलचा कोळी अवोन्डेलमध्ये सोडून. व्हेटने मग दुसरा प्रश्न विचारला: परवा कुठे होता? बाई रोज रात्री तीन ओळी लिहीत, खाणं, शी-शू आणि फेरफटका. परवाच्या पानावर होतं: "समुद्राकडच्या पायवाटेने, झाडांखाली अर्धा तास." आणि पहाटेच्या उलटीत नारिंगी सालीचे तुकडे. व्हेट म्हणाले, "कराका."

कराका हे इथलं मूळचं झाड. जाड, तुकतुकीत हिरवी पानं, आणि जानेवारी ते एप्रिलच्या सुमारास खाली पडणारी नारिंगी फळं. कोकणातल्या मंडळींना पिकलेलं पोफळीचं फळ आठवेल. वरचा गर गोड, म्हणून कुत्र्यांना आवडतो. विष आहे ते बीमध्ये, त्याचं नाव काराकिन. माओरी लोक ही बी खात, पण मातीच्या भट्टीत तासन्‌तास शिजवून आणि मग बरेच दिवस पाण्यात ठेवून. आपल्याकडे कातकरी, वारली लोक रानातले कडू कंद उकडून वाहत्या पाण्यात ठेवतात, तीच युक्ती. कुत्र्याला ही युक्ती कोण शिकवणार?

या विषाची खोड अशी की लक्षणं कधीकधी एक-दोन दिवसांनी दिसतात. उलटी, सुस्ती, मागच्या पायांतली शक्ती जाणं, पुढे झटके. त्यावर उतारा असा नाही. लवकर कळलं तर उलटी करवतात, कोळशाची पूड देतात. उशीर झाला तर सलाईन, झटके थांबवणारं औषध आणि अंधारी शांत खोली. औषधाचा डोस वजनावर ठरतो, तेव्हा "बावीस किलो" हा आकडाही कामी आला. खंड्याला रात्री दोनदा झटके आले. तीन रात्री तो तिथे होता. चौथ्या दिवशी शेपटी हलली, पण पाय सरळ पडायला आणखी दोन आठवडे गेले.

यात ट्रेनरबाईंना फाशी देण्यात अर्थ नाही. त्यांनी डायरी लिहिली म्हणून कारण सापडलं. मुद्दा असा, की परक्या घरात पिल्लाचं 'नेहमीचं' वागणं कोणालाच माहीत नसतं. लटपटलेला पाय कोणालाही दिसतो. पण "हा जेवण सोडतो म्हणजे नक्की काहीतरी बिघडलंय" हे फक्त घरच्यांना माहीत असतं, आणि ते लिहून दिलं तरच पोचतं.

म्हणून पिल्लू पाठवणाऱ्यांनी एवढं करावं. लसी आधीच पुऱ्या कराव्यात. भारतातून आलेल्यांना कुत्र्याचं इंजेक्शन म्हटलं की रेबीजच आठवतो. तो न्यूझीलंडमध्ये नाही. इथे भीती पार्व्होची. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेला हा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो आणि पिल्लांचा जीव घेतो. शिवाय जिथे अनेक कुत्री एकत्र राहतात तिथे केनेल कफ, म्हणजे संसर्गाचा खोकला. दोन्हींवर लस आहे.

फिरायच्या वाटा विचाराव्यात. झाडाखाली काय पडतं, किनाऱ्यावर काय वाहून येतं? २००९ मध्ये ऑकलंडच्या किनाऱ्यांवर समुद्री गोगलगाई खाऊन कुत्री दगावली होती. त्या गोगलगाईंत पफर माशातलं विष, टेट्रोडोटॉक्सिन, सापडलं. खाऊ काय देऊ नये तेही लिहावं. आपल्या घरातला फोडणीचा कांदा-लसूण आणि शिऱ्यातले बेदाणे कुत्र्याला बाधतात.

आणि ठरवून घ्यावं, की जेवण एक वेळ सुटलं तर फोन, आणि उलटी किंवा लटपट दिसली तर आधी व्हेट, मग फोन. हा क्रम बदलायचा नाही.

खंड्या आता पट्टा ओढत नाही. नारिंगी फळ दिसलं की "सोड!" म्हटल्यावर सोडतो. हा धडा ट्रेनरबाईंनी त्याला नंतर खास शिकवला, आणि त्याची फी घेतली नाही.